फोम बोर्डची रिमोटवर चालणारी हॉवरक्राफ्ट : कोकणातून सतत येणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांचे निरोप येतात आणि त्यातले बरेच प्रश्न तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ७०० ग्रॅम वजनाची हॉवरक्राफ्ट धरून दिली आहेत. तुमची लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

१. हॉवरक्राफ्ट म्हणजे नेमकं काय? होडी की गाडी?

दोन्ही नाही. एक पंखा खाली हवा ढकलतो, कडेचा कापडी स्कर्ट ती हवा अडवून धरतो आणि सगळं वजन त्या हवेच्या गादीवर तोललं जातं. दुसरा पंखा मागून ढकलतो. चाकं नाहीत आणि पाण्यात बुडालेलं काही नाही, म्हणून ती ओल्या वाळूवरून थेट खाडीत आणि खाडीतून परत वाळूवर जाऊ शकते.

यासाठी खूप जोरदार हवा लागते असा समज आहे. हिशोब करून बघा. ६० गुणिले ४० म्हणजे २४०० चौरस सेंटिमीटर, त्यावर ७०० ग्रॅम. एका चौरस सेंटिमीटरवर ०.३ ग्रॅमसुद्धा येत नाही. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर ३ मिलिमीटर उंच पाण्याचा जेवढा दाब, तेवढाच लागतो. ब्रिटिश इंजिनिअर ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी १९५५ च्या सुमारास एकात एक बसवलेले पत्र्याचे डबे आणि हवा फेकणारं एक घरगुती यंत्र घेऊन हेच करून पाहिलं. २५ जुलै १९५९ रोजी एसआर-एन-१ ही हॉवरक्राफ्ट इंग्लिश खाडी ओलांडून गेली. आज भारतीय तटरक्षक दलही मोठ्या हॉवरक्राफ्ट वापरतं. तत्त्व तुमच्या फोम बोर्डच्या तुकड्यात आहे तेच.

२. पहिल्यांदाच करतोय. एक मोटर लावू की दोन?

दोन. एका मोटरची हवा वाटून काही खाली आणि उरलेली मागे सोडण्याची रचना हलकी होते खरी, पण त्यात वेग कमी केला की उचलणंही कमी होतं. नवशिक्याला नेमकं वळताना हे नडतं. दोन मोटरी असल्या की उचलण्याचा पंखा एका ठराविक वेगावर सोडून द्यायचा आणि लक्ष फक्त मागच्या पंख्यावर आणि सुकाणूवर ठेवायचं.

आकाराचं म्हणाल तर ६० बाय ४० पेक्षा लहान करू नका. लहान हॉवरक्राफ्टला बॅटरीचं वजन झेपत नाही आणि किनाऱ्यावरचा वारा तिला कागदासारखा उडवतो.

३. आमच्या गावात फोम बोर्ड मिळत नाही. सनबोर्ड चालेल का? थर्माकोल?

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीसारख्या गावांत फ्लेक्स छापणारे आणि फोटो फ्रेम करणारे असतात, त्यांच्याकडे विचारा. पण नुसतं ‘सनबोर्ड’ मागू नका, त्या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक पीव्हीसीचा घट्ट, वाजवला तर टणटणणारा बोर्ड असतो. तो पाण्याला चांगला असला तरी आपल्या कामासाठी फार जड आहे. दुसरा म्हणजे दोन्ही बाजूंना कागद आणि मधे पांढरा मऊ फोम. तो हवा. कोपऱ्यावर नख दाबून बघा, खड्डा पडला तर तोच. जाडी ५ मिलिमीटर घ्या.

टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल डेकसाठी, म्हणजे ज्यावर सगळं बसतं त्या सपाट फळीसाठी, नको, त्याचे मणी सुटतात आणि तो वाकवला की तडकतो. पण डेकखाली तरंगण्यासाठी ठोकळे म्हणून तो उत्तम. खाडीत बॅटरी संपली की हेच ठोकळे तुमची हॉवरक्राफ्ट वर धरून ठेवतात.

४. सामानाची यादी द्याल का?

मोटरी ब्रशलेस, २२०५ आकाराच्या, २३०० केव्ही (म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला २३०० फेरे), दोन नग. दोन्हीकडे ५ इंची पंखे, म्हणजे अडीनडीला एकीकडचा सुटा पंखा दुसरीकडे चालतो. एरवी उचलण्याला कमी पिचचा (पात्यांचा तिरकेपणा कमी), मागे जास्त पिचचा. ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट) ३० अँपिअरचे दोन. सर्वो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर) ९ ग्रॅमचा एक. बॅटरी तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर), ११.१ व्होल्ट, २२०० एमएएच. चार किंवा सहा चॅनेलचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, त्याचा रिसीव्हर आणि लिपोसाठीचा, प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जर.

पैसे सगळ्यात जास्त रिमोट आणि चार्जरला लागतात आणि फोमला सगळ्यात कमी. म्हणून पहिली बॉडी बिघडली तरी जिवाला लावून घेऊ नका. तेच इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्या बॉडीत जातं. स्वस्तातला चार्जर मात्र घेऊ नका, कारण प्रश्न १९ मध्ये.

५. वजन ७०० ग्रॅममध्ये कसं बसवायचं? माझी किलोच्या वर गेली.

डेक १३० ग्रॅमच्या आसपास, वरच्या भिंती ८०, दोन मोटरी ६०, दोन ईएससी ५०, बॅटरी १८०, सर्वो आणि रिसीव्हर २५, स्कर्ट ४०, पंख्याची नळी आणि सुकाणू ६०, गोंद आणि टेप ५०. बेरीज पावणेसातशे होते.

किलोच्या वर गेलेल्या हॉवरक्राफ्टचे फोटो लोक पाठवतात तेव्हा बहुतेक वेळा दोष एकच दिसतो, ग्लू गनचा भरमसाठ गोंद आणि त्यावर रंग. सांध्याला गोंदाची बारीक रेघ पुरते. रंगाऐवजी रंगीत टेप लावा. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर प्रत्येक भाग लावायच्या आधी वजन करून वहीत लिहीत गेलात, तर जास्तीचं वजन कुठे शिरलं ते लगेच कळतं.

६. फेविक्विक लावलं आणि फोम वितळून भोक पडलं. मग काय लावू?

साधं फेविक्विक, टोल्युइनचा वास येणारे रबरी गोंद, थिनर, पेट्रोल आणि बहुतेक स्प्रे पेंट पॉलिस्टायरीन फोम खातात. कागदाच्या बाजूवर एकवेळ निभावतं, पण कापलेल्या कडेवर थेंब पडला की तो भाग गेला.

ग्लू गन चालते, पण कमी तापमानावर ठेवूनच. मोटरच्या बैठकीसाठी दोन भागांचा इपॉक्सी लावा, कारण मोटर तापते आणि ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ पडतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी वाळूवर ठेवलेल्या हॉवरक्राफ्टची मोटर अशीच कलते. लाकडाचा पांढरा गोंद वापरायचा असेल तर पाणी सोसणारा घ्या, साधा पांढरा गोंद खाडीच्या पाण्यात सुटतो.

७. दोन्ही ईएससी रिसीव्हरला जोडले की सर्वो थरथरतो आणि एक ईएससी तापतो. खराब निघाला का?

बहुतेक नाही. प्रत्येक ईएससी रिसीव्हरला ५ व्होल्ट पुरवतो. दोघांनी एकदम पुरवले की ते एकमेकांशी झगडतात. एका ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधून लाल तार पिनेने उचलून बाहेर काढा आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळा. कापू नका, पुढे लागते. तरी तापत राहिला तर पंखा नळीला घासतोय का ते बघा.

८. स्कर्ट कशाचा आणि कसा करायचा? सगळं इथेच अडतंय.

अडणारच, कारण हॉवरक्राफ्टमधली खरी कारागिरी हीच आहे.

पहिली चाचणी कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीवर करा. टेप नीट चिकटते आणि फाटली तर दुसरी लावता येते. आकार जमला की छत्रीचं कापड घ्या. कोकणातल्या प्रत्येक घरात पडवीच्या कोपऱ्यात दोन-तीन मोडक्या छत्र्या असतातच. काड्या मोडलेल्या, कापड शाबूत. ते कापड पातळ, हवा न सोडणारं आणि पाण्याला वर्षानुवर्षं तोंड दिलेलं असतं. उन्हात धरून बघा, टाचणीएवढी भोकं चमकली तर तो भाग टाळा. छत्रीच्या मूळच्या शिवणी उसवू नका. त्या लांबीत आल्या तर हॉवरक्राफ्टच्या कोपऱ्यावर येतील अशा ठेवा, तिथे त्यांचा गोलवा कामाला येतो.

स्कर्ट फुगलेल्या टायरच्या ट्यूबसारखा असतो. कापडाची बाहेरची कड डेकच्या वरच्या काठाला चिकटते. मग कापड खाली येऊन आत वळतं आणि आतली कड डेकच्या तळाला, काठापासून ७-८ सेंटिमीटर आत चिकटते. पंख्याची हवा आधी या पोकळीत जाते. आतल्या बाजूला, म्हणजे मधल्या गादीकडे तोंड करून, सव्वा-दीड सेंटिमीटर व्यासाची भोकं पाडायची, दर १० सेंटिमीटरला एक. भोकांच्या कडेला टेपचं कडं लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी चीर जाते.

फुगल्यावर उंची ४ ते ५ सेंटिमीटर ठेवा. रुंदीच्या आठव्या भागापेक्षा जास्त उंच केलात तर ती डोलायला लागते. लोक दगडांवरून जावी म्हणून उंच स्कर्ट करतात आणि मग वळताना ती कलंडते.

कोपऱ्यांवर कापड जास्तीचं जमतं. ते आत दुमडून लपवू नका, चुण्या घालून शिवा. शिलाई मशिनवर परकराला चुण्या घालणाऱ्या घरातल्या बाईला दाखवलंत तर ती तुम्हाला या लेखापेक्षा चांगलं सांगेल. डेकचे कोपरे मुळातच १०-१२ सेंटिमीटर त्रिज्येने गोल कापले असतील तर चुण्या कमी लागतात.

कापड फोमला चिकटवताना आधी डेकवर पॅकिंग टेप ताणून लावा, त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी कापडी टेप, मग कापड, आणि वरून पुन्हा पॅकिंग टेप.

९. पंखा फिरतो, आवाजही येतो, पण उचलतच नाही.

आधी पंख्याची दिशा बघा. हवा वर फेकत असेल तर मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा, आणि पंखा उलटा तर बसवलेला नाही ना तेही पहा. मग पंख्याच्या टोकातली आणि नळीतली फट मोजा. २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर हवा तिथूनच परत वर येते.

ते ठीक असेल तर गळती शोधा. उदबत्ती पेटवून स्कर्टच्या वरच्या शिवणीजवळ, कापडापासून चार बोटं लांब, हळूहळू फिरवा. धूर जिथे अचानक बाहेर फेकला जाईल तिथे गळती आहे. बॅटरीपासून उदबत्ती लांब ठेवा.

आणि चाचणी कुठे घेताय? जांभ्याच्या चिऱ्याची जमीन खडबडीत असते, खाचांमधून हवा निसटते आणि स्कर्ट किसला जातो. शाळेचा गुळगुळीत वऱ्हांडा, घरातली फरशी किंवा शेणाने नुकतं सारवून वाळलेलं खळं उत्तम. चांगली जमली असेल तर खळ्यात एका बोटाने ढकललेली हॉवरक्राफ्ट तुळशीवृंदावनापर्यंत आपोआप जाते.

१०. वर उचालता, पन सरळ जायत नाय, गोल गोल फिरत रवता. काय करू?

उचलण्याचा पंखा एका दिशेला फिरतो तेव्हा बॉडी उलट दिशेला फिरू पाहते. चाकं नाहीत, त्यामुळे तिला अडवणारं काही नसतं. थोडं फिरणं रिमोटच्या ट्रिमने (सुकाणूची मधली जागा सरकवणारं बटण) सुकाणू किंचित तिरकं ठेवून जातं. तेवढ्याने भागलं नाही तर उचलण्याच्या पंख्याखाली नळीत फोमच्या दोन-तीन सरळ पट्ट्या उभ्या लावा, त्या हवेचा पीळ काढून टाकतात.

सुकाणू मागच्या पंख्याच्या झोतात पूर्ण बसलं पाहिजे. झोताबाहेरचं सुकाणू या वेगाला काही कामाचं नसतं. एकाऐवजी दोन सुकाणू लावून एकाच तारेने जोडलीत तर फरक लगेच जाणवतो.

११. सावकाश छान चालते, वेग दिला की नाक खुपसून थांबते. असं का?

मागचा पंखा उंचावर असतो. तो ढकलतो तेव्हा नाक खाली दाबलं जातं. त्यात बॅटरी पुढे असेल तर पुढचा स्कर्ट जमिनीला घासतो आणि आत ओढला जातो. गादीची हवा मागून निसटते. पाण्यावर असं झालं तर उलटतेसुद्धा.

डेकच्या लांबीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना एकेक बोट धरून हॉवरक्राफ्ट उचला. ती समतोल किंवा शेपटाकडे किंचित झुकलेली हवी. बॅटरी मागे-पुढे सरकवता येईल अशी वेल्क्रोच्या पट्ट्यावर ठेवा. मागचा पंखा गरजेपेक्षा एक इंचही वर नको.

१२. ब्रेक कसा लावायचा?

ब्रेक नसतो. दोन उपाय आहेत. एक, सुकाणू पूर्ण वळवून तिला उलट तोंड करायला लावा आणि मग मागचा पंखा जोरात द्या. याची सवय मोकळ्या जागेवर आधी करा. दुसरा, उचलण्याचा पंखा बंद करा, स्कर्ट बसतो आणि ती घासत थांबते. दुसरा उपाय फक्त वाळूवर, आणि वेग कमी असताना.

१३. कुठल्या किनाऱ्यावर आणि कधी चालवावी?

सपाट, रुंद आणि ओहोटीला घट्ट वाळू उघडी पडणारा किनारा शोधा. दिवेआगर, कर्दे, गुहागर, भाट्ये ही नावं वाचकांकडून नेहमी येतात. उताराचे, जाड वाळूचे किनारे टाळा. कारण साधं आहे, गादीवर तरंगणाऱ्या वस्तूला घर्षण जवळजवळ नसतं. वीस फुटांना एक फूट उतार असला तरी ७०० ग्रॅमची हॉवरक्राफ्ट ३५ ग्रॅमच्या जोराने समुद्राकडे ओढली जाते. हातात रिमोट असून ती सारखी पाण्याकडे का जाते याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

वेळेचं गणित मच्छीमारांना तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे साधारण सव्वानऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, दुपारी बाराच्या पुढे ओहोटी. हे मुंबई-अलिबागकडे चांगलं जमतं. दक्षिणेला, रत्नागिरी-मालवणकडे, भरती त्याहून आधी येते, म्हणून तिथल्या माणसाला विचारून घ्या.

आता अमावास्या-पौर्णिमेचं बघा. भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. वर उधाणाचे दिवस, म्हणून पाणी एरवीपेक्षा जास्त मागे जातं आणि वाळू सगळ्यात रुंद होते. सकाळी माणसं कमी आणि वाराही कमी. हॉवरक्राफ्टसाठी याहून चांगली वेळ आपल्या किनाऱ्यावर नाही. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत पाणी फार मागे जात नाही आणि ओहोटी नेमकी भर उन्हात येते. ते दिवस घरी दुरुस्तीला ठेवा.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचा. पाणी नुकतंच सरलेली वाळू आरशासारखी सपाट असते. नंतर खेकडे बिळं उकरून तिच्यावर वाळूच्या गोळ्या पसरतात, आणि त्या गोळ्यांवर स्कर्ट थरथरतो.

१४. कोरड्या वाळूवर का चालत नाही?

स्कर्टखालून निसटणारी हवा सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने जाते. कोरडी भुसभुशीत वाळू त्या झोताने उडते, खाली खड्डा पडतो आणि गादी फुटते. उडालेली वाळू पंखा वर खेचतो आणि मोटरच्या बेअरिंगमध्ये जाते. सुरूच्या बनाकडची वाळू पार करताना हॉवरक्राफ्ट हातात घ्या आणि पाय न रुतणाऱ्या ओल्या वाळूवर गेल्यावरच पंखा सुरू करा.

१५. अंगणात वाऱ्यासारखी पळते, पण खाडीत ठेवली की जागची हलत नाही. मोटर कमी पडते का?

मोटर बहुधा पुरेशी आहे. पाणी जमिनीसारखं कडक नसतं. प्रश्न १ मधला ३ मिलिमीटरचा दाब पाण्यावर पडला की पाणी तेवढंच खाली दबतं आणि तुमची हॉवरक्राफ्ट एका उथळ खळग्यात बसते. पुढे सरकू लागली की पुढे लाट उभी राहते आणि ती स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते. ६० सेंटिमीटर लांबीला हा अडथळा सेकंदाला साधारण १.४ मीटर वेगाजवळ, म्हणजे ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त असतो. भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. तो एकदा ओलांडला की लाट मागे पडते आणि ती अचानक मोकळी सुटते.

त्यामुळे पाण्यात ठेवून सुरू करू नका. ओल्या वाळूवर वेग घ्या आणि त्याच वेगात पाण्यात शिरा. पाण्यात वेग पडलाच तर जोर देऊन सरळ रेषेत काढा. वळणात हा अडथळा ओलांडता येत नाही. वजन कमी केलंत तर फायदा दुप्पट, खळगाही उथळ आणि लाटही लहान.

पहिला सराव ओहोटीनंतर वाळूत मागे राहिलेल्या घोटाभर पाण्याच्या डबक्यांत करा. काही बिघडलं तर चालत जाऊन उचलता येते.

१६. समुद्रात लाटांवर चालवली तर?

या आकाराची नाही. स्कर्टची उंची ५ सेंटिमीटर आणि फुटणारी लाट गुडघाभर. मागच्या पंख्यात पाणी शिरलं की वेग जातो आणि पुढची लाट तिला पालथी करते.

१७. मधेच बंद पडली तर वारा कुठे नेईल?

हा प्रश्न पाण्यात उतरण्याआधी विचारणाऱ्याचं कौतुक वाटतं. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, बंद पडलेली हॉवरक्राफ्ट किनाऱ्याला लागते. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, आणि तीच वेळ प्रश्न १३ मध्ये सगळ्यात चांगली म्हणून सांगितली आहे. म्हणून सकाळी वाळूवर मनसोक्त चालवा, पण उघड्या पाण्यात नेऊ नका. खाडीत ओहोटीचा ओढही समुद्राकडेच असतो.

तिच्या मागे पोहत जाऊ नका. खाडीच्या मुखाशी ओढ दिसतो त्यापेक्षा फार जास्त असतो. नारळाच्या काथ्याची दोरी जड होते, त्याऐवजी मासेमारीचा बारीक नायलॉन तंगूस शेपटाला बांधून रीळ सोबत्याच्या हातात द्या. पहिल्या काही वेळा तरी हे कराच. तंगूस मागच्या पंख्याच्या झोतापासून खाली, डेकच्या तळाशी बांधायचा.

१८. खाऱ्या पाण्याने मोटर खराब होईल का?

ब्रशलेस मोटर ओली झाली तरी फिरते, मीठ मात्र तिला खातं. घरी आल्या आल्या दोन्ही मोटरी गोड्या पाण्याने धुवा, झटकून सावलीत वाळवा आणि बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब द्या. ‘उद्या धुऊ’ म्हणालात तर दुसऱ्या दिवशी हाताने फिरवताना करकर ऐकू येते.

ईएससी आणि रिसीव्हरला पाणी अजिबात चालत नाही. ईएससीच्या सर्किटवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात देतात, सोल्डर केलेले सांधे धरून. प्लगची तोंडं मोकळी ठेवायची. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन सर्किटवर लावू नका, त्यातलं आम्ल तांबं कुरतडतं. रिसीव्हर छोट्या डबीत ठेवा आणि अँटेना डेकपासून वर उभी काढा, पाण्यालगत ठेवलेल्या अँटेनाचा पल्ला फार कमी होतो.

१९. बॅटरी किती वेळ टिकते? आणि लिपो पेटते म्हणतात ते खरं का?

उचलायला ४ अँपिअर, ढकलायला सरासरी ८. म्हणजे १२ अँपिअर. बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे, म्हणून २२०० एमएएचमध्ये आठ-नऊ मिनिटं. रिमोटच्या टायमरवर सात लावा.

पेटते हे खरं आहे. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, त्याच्या वर नाही. वापरताना ३.५ च्या खाली नेऊ नका. दोन-चार दिवस वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवा. चार्जर बॅलन्सचा नसेल तर एक सेल भरून जास्त होतो आणि दुसरा अर्धा राहतो, म्हणून प्रश्न ४ मधला आग्रह. किनाऱ्यावरून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. चार्जिंग लाकडी माळ्यावर किंवा गवताच्या पेंढ्यांजवळ कधीच नाही, फरशीवर, डोळ्यांसमोर, शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवून. फुगलेली बॅटरी टोचून बघू नका, ती ई-कचऱ्यात द्या.

२०. पावसाळ्यात फोम बोर्ड फुगला, कागद सुटला.

कागद दमट हवेतून पाणी ओढतो, पाऊस लागायचीही गरज नसते. प्रत्येक कापलेली कड पॅकिंग टेपने बंद करा, स्क्रूची भोकंसुद्धा. ज्यांना वेळ आहे त्यांनी पाणी मारून कागद सोलून काढावा आणि नुसत्या फोमवर टेप गुंडाळावी. हलकी होते आणि पुढचा पावसाळाही काढते. जून ते सप्टेंबर हॉवरक्राफ्ट भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकते. दोरीला आडवी टांगा, चुलीच्या धुरापासून लांब. समुद्र या महिन्यांत विसरा. सड्यावर कातळात साचलेलं पाणी मोहात पाडतं, पण कातळाची धार स्कर्ट फाडते.

२१. ड्रोनसारखी परवानगी लागते का?

ड्रोनचे २०२१ चे नियम विमानांसाठी आहेत. विमानाच्या व्याख्येत, आंतरराष्ट्रीय आणि भारतीय दोन्ही, पृष्ठभागावर हवा दाबून तोललं जाणारं यंत्र येत नाही, म्हणून हॉवरक्राफ्ट त्यात बसत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या कमी शक्तीच्या रिमोटला वेगळा परवानाही लागत नाही. वरून ड्रोनने चित्रीकरण करणार असाल तर त्या ड्रोनला ते नियम लागू होतात.

पण कायदा एवढंच सगळं नाही. बंदर, जेट्टी, नौदल किंवा तटरक्षक दलाची हद्द आणि किल्ल्यांचा परिसर टाळा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तिथून लांब राहा. वाळूवर सुकत घातलेल्या मासळीच्या वाऱ्याकडच्या बाजूला कधीही चालवू नका, वाळू उडून माणसाचं दिवसभराचं काम वाया जातं.

२२. मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला करू देऊ का?

करू द्या, तुम्ही बाजूला बसून. कटर चालवणं आणि बॅटरी जोडणं तुमच्याकडे ठेवा. पंखा मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि बोट कापतो. दोन्ही पंख्यांवर जाळी हवीच. घरात सुकाणू तपासताना पंखे काढून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. शाळेच्या प्रदर्शनासाठी रिमोटशिवायची, फक्त उचलणारी, बोटाने ढकलायची हॉवरक्राफ्टसुद्धा पुरेशी आहे. परीक्षकांना प्रश्न १ मधलं गणित समजावून सांगता आलं पाहिजे.

२३. वेळास, आंजर्ल्याकडे कासवांच्या दिवसांत चालवावी का?

नाही. नोव्हेंबरपासून पुढे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि वसंतात पिल्लं समुद्राकडे जातात. अंधारात आणि पहाटे त्या किनाऱ्यांवर यंत्र नको, दिवे नको. हिवाळ्यात परदेशी पाणपक्ष्यांचे थवे ओल्या वाळूवर चरत असतात, त्यांच्यातून हॉवरक्राफ्ट नेऊन थवा उठवण्याची हौस करू नका. त्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते.

२४. सिग्नल तुटला तर ती आपोआप थांबेल का?

तुम्ही तसं सेट केलं असेल तरच. रिमोटच्या मेनूत फेलसेफ असतं. तिथे सिग्नल गेल्यावर दोन्ही मोटरी शून्यावर जातील असं ठेवा. काही जण उचलणारा पंखा चालू ठेवतात, पाण्यात बुडू नये म्हणून. पण प्रश्न ३ मधले थर्माकोलचे ठोकळे लावले असतील तर त्याची गरज नाही. उलट चालू पंख्यावर ती वाऱ्याबरोबर लांब जाते. बंद पंख्याची हॉवरक्राफ्ट पाण्यात बसते आणि सावकाश वाहते.

तपासायची रीत अशी : पंखे काढा, हॉवरक्राफ्ट हातात धरा, मोटर अर्ध्या वेगावर न्या आणि सोबत्याला रिमोट बंद करायला सांगा. दोन सेकंदांत दोन्ही मोटरी थांबल्या पाहिजेत. रिसीव्हर रिमोटशी पुन्हा पेअर केला (जोडला) की ही सेटिंग काही रिमोटमध्ये पुसली जाते, म्हणून पेअर केल्यावर दर वेळी पुन्हा तपासा.